बावीस गाठींचं हूड

आरमोरीला बदली झाली तेव्हा मी ज्यांच्या शेजारी खोली घेतली, त्या सुगंधाबाई रामटेके खोटं बोलायच्या. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. त्यांच्या खोट्यानं कोणाचं काही गेलं नाही आणि त्यांना स्वतःला तर त्यातून कधी काहीच मिळालं नाही. काही लोक पान खातात, काही बसल्या जागी पाय हलवतात, तशा त्या खोटं बोलायच्या.

पहिल्याच दिवशी मी सामान उतरवत होतो, तेवढ्या वेळात साऱ्या गल्लीला कळलं की झेडपीच्या शाळेवर कुस्तीचे मास्तर आले आहेत. माझं वजन तेव्हा पन्नास किलोच्या आसपास होतं. पुढे दोन महिने येणारे-जाणारे माझ्या दंडाकडे बघून विचारात पडत. एक गृहस्थ तर मालिशला कोणतं तेल चांगलं म्हणून विचारून गेले. शेवटी मी बाईंना हळूच म्हटलं, हे तुम्ही काय करून ठेवलंत? त्यांना अजिबात वाईट वाटलं नाही.

"तुमी शिकवाले आले म्हनून सांगतलं असतं तं कोनं वळून तरी पायलं असतं का, सर? आता सारी गल्ली तुमाले वळखते."

त्यांचं म्हणणं असं होतं की खरं सांगितलं की माणूस ऐकणं सोडून देतो. त्याला पुढचं आधीच माहीत असतं. भलतंच काही सांगितलं की तो थांबतो, विचार करतो, मग आपल्या कामाचं बोलतो. हे त्या इतक्या गंभीरपणे सांगायच्या की मी पटल्यासारखी मान हलवायचो.

बुटक्या, काटक बाई. साडीवर पुरुषी फुलशर्ट, चष्म्याला मागून दोरा, आणि दोन्ही मनगटांवर बारीक काळे डाग, भट्टीतल्या तापल्या रेतीचे. त्यांचा धंदा मुरमुऱ्यांचा. घरामागे भट्टी होती. मिठाच्या पाण्यात भिजवून वाळवलेला तांदूळ कढईतल्या गरम रेतीत पडला की क्षणात फुलायचा, आणि सकाळी सकाळी सगळ्या गल्लीला तो खमंग वास यायचा. मोठमोठी पोती भरून त्या ती पिकअपमध्ये घालायच्या आणि कधी वैरागड, कधी कुरखेडा अशा हप्त्याच्या बाजारांना न्यायच्या. गाडी स्वतः चालवायच्या.

गाडी चालवायला त्या पन्नाशीत शिकल्या. शिकवलं त्यांच्या नवऱ्यानं, वामनरावांनी. ते आलापल्लीकडे एका लाकूड ठेकेदाराच्या ट्रकवर तीस वर्षं ड्रायव्हर होते. सागवानानं भरलेला ट्रक पावसाळ्यात नाल्यातून काढणारा माणूस म्हणून त्यांचं नाव होतं. मग काचबिंदूनं डोळे गेले. उजेड आणि अंधार एवढाच फरक कळायचा. धान कापून झाल्यावर बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, मोकळ्या झाल्या, तेव्हा त्यांनी बायकोला पिकअपच्या स्टिअरिंगवर बसवलं आणि स्वतः बाजूला बसून नुसत्या इंजिनाच्या आवाजावरून सांगायला लागले: आता दोन, आता तीन, आता पाय काढ. त्या हिवाळ्यात तीन लोकांच्या बांध्यांचे बांध फुटले. लायसनच्या वेळी आरटीओतल्या साहेबांनी सहज विचारलं, बाई, या वयात काऊन? बाईंनी सांगितलं, सासूला पळवून न्यायचं आहे. सासू वारून पंधरा वर्षं झाली होती.

वामनराव कमी बोलायचे. डोक्याला पांढरा दुपट्टा, पाय जवळ घेऊन ओट्यावर बसलेले. पण गाडी भरायची वेळ झाली की ते उठायचे. मुरमुऱ्याचं पोतं आकारानं मोठं आणि वजनानं काहीच नाही. केबिनच्याही वर रचावी लागतात. त्यावर ताडपत्री टाकून दोर बांधायचा. फार आवळला तर माल चुरा होतो, सैल सोडला तर वारा आत शिरतो. हे काम वामनराव करायचे. हाताच्या बोटांनी कड्या चाचपत गाडीभोवती फिरायचे, प्रत्येक ताणानंतर दोराला टिचकी मारून कान द्यायचे. समाधान झालं की केबिनमध्ये चढून बसायचे. मग बाई गाडी सुरू करायच्या.

मी आलो त्याच्या दुसऱ्या उन्हाळ्यात, कुरखेड्याच्या रस्त्यावर, समोरून एक भरधाव ट्रक गेला. त्या वाऱ्याच्या झोतात मागची गाठ सुटली आणि ताडपत्री उभी राहिली. अकरा पोती रस्त्यावर गेली. त्यातली सहा फुटली. मुरमुरे वाऱ्यावर उडाले, रस्ता पांढरा झाला, दोन्ही बाजूंनी वांदरं उतरली आणि मागून आलेली बस थांबून राहिली. बसचा ड्रायव्हर रागानं खाली उतरला. बाईंनी त्याला बोलूच दिलं नाही. त्याच्या गळ्यातला दुपट्टा काढून घेतला, त्यात ओंजळ ओंजळ मुरमुरे भरले आणि त्याच्या हातात दिले. आज आमचं उद्घाटन आहे म्हणाल्या. कशाचं, ते सांगितलं नाही. उतारूंनीही पिशव्या भरून घेतल्या. बस गेली तेव्हा खिडक्या-खिडक्यांतून लोक खात होते.

हे सगळं मला बाईंनीच सांगितलं, आणि हसत हसत सांगितलं. वामनराव त्या वेळी काय करत होते ते मात्र त्यांनी सांगितलं नाही. ते मला नंतर बाजारातल्या दुसऱ्या बाईकडून कळलं. ते रस्त्याच्या कडेला बसून सुटलेला दोर हातात घेऊन त्याचं टोक बोटांनी तपासत होते. एवढंच म्हणाले, "माहीच गाठ."

त्यांचा मुलगा प्रशांत चंद्रपूरकडे कोळशाच्या खाणीत फिटर. त्याला कळलं तसा तो सुट्टी काढून आला. वाईट मुलगा नव्हता, काळजीचा होता. काळजीच्या माणसाचं होतं तसं त्याचं झालं, नको तिथे मोठ्यानं बोलला. म्हणाला, पाऊस लागायच्या आत गाडीवर कुलूपबंद पक्कं झाकण बसवायचं, नाहीतर गाडी विकून टाकायची. ताडपत्री, दोऱ्या हे बंद. "बाबाच्या बोटायच्या भरवशावर गाडी नको चालवू, आई."

बाबा ओट्यावरच होते. मीही तिथेच होतो. वामनरावांनी मान थोडी वळवली, जणू रस्त्यावरून कोणी चाललं आहे. दुसऱ्या दिवशी गाडी भरायची वेळ झाली तेव्हा ते उठले नाहीत.

त्यानंतर ते गाडीत बसलेच नाहीत. बाई एकट्या जायच्या, बांधायला इकडून तिकडून कोणाला तरी बोलवायच्या. आणि परत आल्या की दारातूनच नवीन बातमी द्यायच्या. आज गाडी तिसऱ्या गिअरमध्ये खोकली. आज चढावर मागून बकरीसारखा आवाज आला. आज ब्रेक दाबला तर हॉर्न वाजला. सगळं खोटं, मला कळत होतं. एरवी गाडीची एवढी तब्येत बिघडली असती तर वामनराव तासभर बोनेटमध्ये डोकं घालून उभे राहिले असते. आता ते आतून म्हणायचे, तेल पाहा.

झाकण निवडायला बाईंनी मला सोबत घेतलं. माहितीपत्रकं इंग्रजीत असतात, सर पाहिजेत, असं कारण होतं.

पहिलं दुकान प्रशांतनंच ठरवून दिलं होतं, चंद्रपूरला. चकचकीत जागा, टाय घातलेला नम्र विक्रेता. त्यानं गाडीत काय वाहता म्हणून विचारलं. मी तोंड उघडायच्या आत बाई म्हणाल्या, नाटकाचे मुकुट. आमच्या झाडीपट्टीत नाटकं फार, मंडळ्यांचे मुकुट इकडून तिकडे न्यावे लागतात, एकाला एक घासला की मोती गळतात. विक्रेत्यानं हे मनावर घेतलं. कागद काढला, आत फोमचे खण कसे करता येतील ते काढून दाखवलं. खरंच विचार करत होता बिचारा. बाईंनी माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या.

त्यानं दाखवलेलं झाकण काळ्या फायबरचं होतं, सपाट, मागे कुलूप. आवारात उभ्या असलेल्या एका मोठ्या गाडीवर ते बसवलेलं होतं. पाणी आत जातं का, हे बघायला बाई त्या गाडीत शिरल्या, आडव्या झाल्या आणि त्याला म्हणाल्या, लावा कुलूप आणि ओता वरून बादली. तो नको नको म्हणत होता. त्यांनी ऐकलं नाही. झाकण बंद झालं, बादली ओतली गेली, आणि मग कुलूप उघडेना.

विक्रेता घामाघूम झाला. आणखी दोघे आले, किल्ली फिरवून पाहिली, तार घातली. मी झाकणाला तोंड लावून विचारलं, ठीक आहात ना? आतून अगदी निवांत आवाज आला.

"ठीक आहो, सर. पाणी नाई आलं एक थेंब. त्यायले म्हना, घाई नाई. मी जराशी निजतो."

पाव तासानं झाकण उघडलं. बाई कोरड्या ठणठणीत बाहेर आल्या, चष्मा नीट केला, आणि झाकण चांगलं आहे पण आत मुकुटांचा जीव गुदमरेल, असं सांगून त्याचा निरोप घेतला. तो माणूस आम्हाला गाडीपर्यंत सोडायला आला आणि नाटक कोणतं आहे, असंही विचारून गेला.

वाटेत माझ्या लक्षात आलं की सपाट झाकणाखाली पोत्यांचा एकच थर मावला असता. हे तर बाहेरूनच दिसत होतं. मग आत कशाला शिरलात? बाई रस्त्यावरची नजर न काढता म्हणाल्या, प्रशांतले सांगाले काहीतरी लागन ना.

दुसरं दुकान गडचिरोलीला. तिथे मात्र मला वाटलं, झालं काम. लोखंडी पाइपांचा उंच सांगाडा, त्यावर जाड मेणकापड, कडेनं चिकटपट्ट्या. ओढलं की बसलं, एका माणसाचं काम, दोन मिनिटांचं. पोत्यांना लागेल तेवढी उंची. बाईंनी या माणसाला आपण शाळांचे फळे वाहतो असं सांगितलं होतं. त्यानं झाकून दाखवलं, उघडून दाखवलं. बाईंचा चेहरा उतरत गेला.

"दोनच मिनिटं लागते?" त्यांनी विचारलं.

त्याला वाटलं, बाईंना दोन मिनिटंही जास्त वाटताहेत. त्यानं जरा हात सवयीचा झाला की एकाच मिनिटात होतं, असं सांगितलं. बाई उठूनच उभ्या राहिल्या. मग नको म्हणाल्या. मी आणि तो दुकानदार एकमेकांकडे बघत राहिलो.

घरी येईपर्यंत मी वैतागलो होतो. पावसाला जेमतेम पंधरा दिवस उरले होते. प्रशांतचा एक दिवसाआड फोन यायचा, आणि पिकअप बघायला एक गिऱ्हाईकही येऊन गेलं होतं. बाईंनी त्याला सांगितलं की गाडी स्त्रियांचंच ऐकते. तो परत आला नाही, पण दुसरा आला असता. मी जरा कडक आवाजात म्हटलं, बाई, गाडी ठेवायची आहे की नाही तुम्हाला? त्या काही बोलल्या नाहीत. खोटंही बोलल्या नाहीत. मला तेव्हाच काहीतरी समजायला हवं होतं.

मग त्यांनी आलापल्लीला जायचं काढलं. तिथे मल्लय्या नावाचा कारागीर होता, मूळचा सिरोंच्याकडचा, पूर्वी लाकडाच्या ट्रकांच्या ताडपत्र्या शिवायचा, आता गाड्यांची हूडं, म्हणजे कापडी छपरं, करतो. वामनरावांच्या ओळखीचा. वामनरावांना न्यायचं कसं, हा प्रश्न होता. बाईंनी सांगितलं की क्लचला जळका वास येतो आहे आणि आलापल्लीच्या मेकॅनिकशिवाय तो कोणाला कळायचा नाही. वामनराव बराच वेळ बसून राहिले. मग उठून दुपट्टा बांधला. क्लचवर त्यांचा विश्वास बसला असेल असं मला वाटत नाही. आलापल्लीचं नाव निघालं, एवढंच.

त्या प्रवासात ते महिन्याभराचं बोलले. खिडकीतून हात बाहेर काढून सांगायचे, आता साग लागला, आता पुढे उतार, डावीकडे एक नाला येईल. नाला यायचा. क्लचचा विषय कोणी काढला नाही.

तिथे पोचल्यावर बाईंनी मला त्यांना जुन्या सोबत्यांकडे चहाच्या टपरीवर सोडून यायला सांगितलं. मी सोडून आलो, तोवर मल्लय्याकडे बोलणं रंगात आलं होतं. मी दाराशीच, कॅनव्हासच्या गठ्ठ्यांपाशी थांबलो.

मल्लय्या जमिनीवर मशीन घेऊन बसला होता. किडकिडीत, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. त्याचं म्हणणं साधं होतं. पाइप वाकवतो, वरून कॅनव्हास, मागे पडदा, दोन बाजूंना दोन बकलं. खटकन लावा आणि जा. बाईंना बकलं नको होती. त्यांना मागच्या पडद्याला आणि दोन्ही कडांना मिळून बावीस कड्या पाहिजे होत्या, प्रत्येक कडीला वेगळी दोरी, प्रत्येक दोरीची वेगळी गाठ. बावीस हा आकडा त्यांनी कुठून आणला, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

मल्लय्या म्हणाला, असं खुळ्यासारखं काम केलं तर लोक हसतील, नाव खराब होईल. बाई म्हणाल्या, छत्तीसगडच्या हद्दीत नवीन नियम आला आहे, बावीस गाठी नसल्या तर गाडी अडवतात. मल्लय्यानं सांगितलं, कालच छत्तीसगडच्या दोन गाड्या करून दिल्या. बाई म्हणाल्या, मुरमुऱ्याला फटीफटीतून वारा लागतो. तो म्हणाला, मुरमुऱ्याला वाराच लागू द्यायचा नसतो, अम्मा. मशीनचा आवाज येत राहिला. आणि मग मी सुगंधाबाईंना पहिल्यांदा एका कारागिराशी खरं बोलताना ऐकलं. आवाज इतका खाली गेला होता की मला श्वास धरून ऐकावं लागलं.

"त्यायचे डोळे गेले, भाऊ. ट्रक गेला. एक बांधनं राह्यलं होतं हातात. ते बी तुमच्या बकलानं केलं, तं त्यायनं दिवसभर करायचं काय?"

मशीन थांबली. बाईंच्या स्वतःच्या हिशेबानं, खरं सांगितल्यावर, मल्लय्यानं आता ऐकणं सोडायला हवं होतं. त्यानं चष्मा काढून पुसला आणि विचारलं, वामनभाऊ गाठ उजव्या हातानं ओढतात का डाव्या? दोरी सुती लागते की नायलॉन चालते? नायलॉन हातातून सुटते, सुतीच घेऊ. मग त्यानं खडू घेतला आणि कॅनव्हासवर बावीस खुणा केल्या, सारख्या अंतरावर, वीत लावून लावून.

दहा दिवसांनी मल्लय्यानं आरमोरीला येऊन हूड बसवलं. वामनरावांना बाईंनी सांगितलं की हा मल्लय्या जुन्या वळणाचा म्हातारा आहे, त्याला बकल बसवताच येत नाही, काय करणार, दोऱ्याच घ्याव्या लागल्या. आलापल्लीतल्या सगळ्यात चांगल्या कारागिराची त्यांनी अशी बदनामी केली, आणि मल्लय्या शेजारी उभा राहून ती खाली मान घालून ऐकत होता.

वामनराव गाडीभोवती एक फेरी फिरले. एक एक कडी चाचपली. पुढच्या बाजाराच्या सकाळी मी दात घासत बाहेर आलो, तर ते गाडीपाशी उभे होते. पहिल्या दिवशी पाऊण तास लागला. बाई इंजिन सुरू करून बसल्या होत्या. शेवटची दोरी ओढली, टिचकी मारली, कान दिला, आणि महिना-दीड महिन्यानं ते बाजाराला जायला आपल्या जागेवर चढून बसले.

प्रशांत आला तो भर पावसाळ्यात. हूड बघून आधी बरं वाटलं त्याला, मग दोऱ्या दिसल्या. तो चिडलाच. परत दोऱ्या, परत बाबा? बाईंनी त्याला बाजाराला सोबत यायला सांगितलं. शनिवार होता, अर्धी शाळा आटोपून मीही निघालो होतो. पुढे चौघांना जागा नव्हती, म्हणून मी आणि तो मोटारसायकलवर मागून गेलो. वैरागडच्या अलीकडे पावसानं असं गाठलं की पुढची पिकअप दिसेना. नदीच्या पुलावर समोरून एक ट्रक पाणी उडवत गेला. प्रशांत मागे बसून माझा खांदा दाबत होता. हूड हललं नाही.

बाजारात पोचलो तेव्हाही पाऊस चालूच होता. वामनराव खाली उतरले आणि गाठी सोडायला लागले. एक, मग दुसरी, मग तिसरी. मी आणि प्रशांत भिजत उभे. मी सोडतो म्हणून तो पुढे झाला, तर आईनं त्याला दंड धरून मागे ओढलं. बावीस गाठी सुटल्या. प्रशांत आत शिरला, सगळ्यात खालच्या पोत्याचं तोंड सैल केलं, मूठभर मुरमुरे काढून तोंडात टाकले. कुडुम कुडुम आवाज बाहेर आम्हाला आला. तो तसाच चावत राहिला थोडा वेळ. मग दुसरी मूठ काढली आणि वडलांच्या तळहातावर ठेवली.

"चांगलं बांधलं, बाबा."

वामनरावांनी दोन-चार दाणे चावून पाहिले. "मीठ जास्त झालं," म्हणाले.

गाडी विकायची गोष्ट परत निघाली नाही.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी वामनरावांनी मला ओट्यावरून हाक मारली. बाई भट्टीवर होत्या. त्यांनी मला गाडीपाशी नेलं, मागचा पडदा उचलला आणि माझा हात धरून आतल्या बाजूला नेला. शिवणीच्या आत, बाहेरून दिसणार नाही असं, पितळी बकल होतं. दुसऱ्या बाजूलाही एक. मल्लय्यानं आपलं नाव खराब होऊ दिलं नव्हतं. बाईंना न सांगता त्यानं ती लावून ठेवली होती, आणि वामनरावांच्या बोटांना ती पहिल्याच फेरीत सापडली होती.

ते रोज आधी दोन्ही बकलं लावायचे. तेवढ्यात हूड पक्कं व्हायचं. मग बावीस गाठी.

"मंग गाठी कायले बांधता?" मी विचारलं. एव्हाना माझ्याही तोंडी तिथली बोली यायला लागली होती.

"गाठी बी चांगल्या आहेत," ते म्हणाले. आणि जरा थांबून, "ती इंजन चालू करून बसून राह्यते, सर. हॉर्न देत नाई. इतक्या वर्सात ती कोनासाठी एवढी थांबलेली मी आयकली नाई. तिले सांगू नका."

मी सांगितलं नाही. पुढे एकदा बाईंनीच मला भट्टीमागे बोलावून विचारलं, "त्यायले मालूम तं नाई झालं ना, सर? मीच कड्या मागतल्या म्हनून?" कढईतली रेती त्या नेमानं हलवत होत्या, पण चष्म्याआडून माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, नाही, त्यांना वाटतं मल्लय्यालाच बकल बसवता येत नाही. अगदी सहज निघालं तोंडातून. बाईंनी समाधानानं मान हलवली. त्यांच्यासारख्या बाईला माझं खोटं पकडता आलं नाही, की त्यांनी ते पकडून चालू दिलं, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

चार वर्षांनी माझी बदली गोंडपिपरीला झाली. सामान पोचवायला पिकअपच आली. दुसऱ्या कोणाला सांगितलं असतं तर बाईंनी मला गावभर काय करून ठेवलं असतं कोण जाणे. माझा पलंग, पुस्तकांच्या पेट्या, गॅसची शेगडी असं सगळं हूडखाली गेलं आणि कोरडं उतरलं. नव्या घरमालकांशी बाई बोलत होत्या, तिकडे मी मुद्दाम गेलो नाही. चहा झाला. वामनरावांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. बाई म्हणाल्या, येजा आरमोरीकडे, आणि लगेच गाडीत जाऊन बसल्या. निरोप वगैरे त्यांना जमायचं नाही.

मी फाटकाशी उभा राहिलो. गाडी सुरू झाली, पण हलली नाही. वामनराव मागे येऊन पडद्याशी उभे होते. आधी दोन्ही बाजूंना हात आत गेले. मग दोऱ्या. ऊन चढलं होतं, आभाळात कुठे ढग नव्हता. मी नकळत मोजत होतो. एकविसावी बांधून त्यांनी टिचकी मारली, कान दिला, मान हलवली, ती सोडली आणि पुन्हा बांधली. बाजूच्या आरशात बाईंचा चष्मा दिसत होता. त्या मागे बघत होत्या, आणि हात हॉर्नपासून लांब, खिडकीवर ठेवलेला होता.

बावीस झाल्यावर ते गाडीच्या कडेला हात लावत लावत पुढे गेले, चढले, दार लावलं. गाडी आष्टीच्या रस्त्याला लागली.

आत काहीही नव्हतं. माझं सगळं सामान ओसरीवर होतं.